सहा हजार आठशेचं मायलेज किट आणि दीड सेंटिमीटर पाणी

मी धंद्याने कटिंग टूल्सवाला. इन्सर्ट, ड्रिल, एंडमिल डिकीत टाकायचे आणि पुण्याहून सातारा, तासवडे, शिरोली, गोकुळ शिरगाव अशी एमआयडीसीमागून एमआयडीसी करत जायचं. महिन्याला कोल्हापूरच्या तीन फेऱ्या. गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, मॅन्युअल, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. पहिल्या दिवसापासून समोरच्या कप्प्यात एक वही आहे. दर टाकीला तारीख, किलोमीटर, लिटर. बायको म्हणते, एवढा हिशोब घरखर्चाचा ठेवला असता तर आत्तापर्यंत दुसरा फ्लॅट झाला असता.

त्या वहीत २०२१ मधल्या फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज १९.८ आहे. गेल्या वर्षी ते १९ वर आलं. मेकॅनिककडे कॉम्प्रेशन तपासून घेतलं, चारही सिलिंडर चोख. खरं कारण पंपावरच होतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण दहा टक्क्यांवरून वीसवर गेलं की लिटरमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेलेच. १९.८ मधून तेवढे वजा करा, १९.१ येतात. तोंडी हिशोब आहे, पण तो मला किट घेतल्यावर सुचला.

हे मायलेज वाढवायचं किट घेतलं ते दुकान नाना पेठेतलं. नाव लिहीत नाही, कारण मालक माणूस म्हणून वाईट नाही आणि हे किट तो स्वतः बनवतही नाही, फक्त विकतो. फिटिंगसह सहा हजार आठशे रुपये. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘कोल्ड एअर’, आणि ‘१२ ते १५ टक्के मायलेज वाढ’. मालकाने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं: महिना दीड हजार किलोमीटर, १२ टक्के वाढ, पेट्रोल एकशे चार रुपये, म्हणजे महिन्याला जवळजवळ नऊशे वाचतात, आठ महिन्यांत किट फुकट. हिशोबात चूक नव्हती. आकडा फक्त कुणी मोजलेला नव्हता.

आत चार वस्तू. कापसाच्या जाळीचा, तेल लावलेला लाल फिल्टर, जो ‘जन्मभर’ धुऊन वापरायचा. कंपनीच्या प्लॅस्टिक नळीच्या आणि तिला जोडलेल्या डब्याच्या जागी बसणारा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप. त्या पाइपच्या तोंडाशी सरकवायची स्टीलची एक रिंग. आणि मराठी-हिंदीत छापलेला सूचनांचा कागद. कागद लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

रिंगबद्दल आधी लिहितो, कारण ती हातात घेतल्याबरोबर माझ्यातला टूलवाला जागा झाला. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, बाहेरचा व्यास ५८ मिलिमीटर, आतल्या बाजूला सहा पाती तिरपी दुमडलेली. प्रेसमध्ये एका फटक्यात काढलेला माल. पात्यांच्या कडांना बर, म्हणजे पत्रा कापल्यावर राहणारी धारदार खरड, तसाच, बोट फिरवलं तर रक्त निघेल. माझ्या गिऱ्हाइकाकडे असा जॉब गेला तर तो माझ्यासकट परत पाठवेल. आणि हा पत्रा इंजिनाच्या तोंडाशी बसणार, त्यातला एक कण सुटला तर तो सिलिंडरमध्ये जाणार. घरी आणून मी आधी त्याच्या कडा कानसीने मारल्या आणि मगच बसवू दिला.

ही रिंग हवेला भोवरा देते आणि त्याने पेट्रोल नीट मिसळतं, असा दावा. भोवरा ही गोष्ट खोटी नाही. इंजिन बनवणारे लोक सिलिंडरमध्ये हवा गरगरावी म्हणून आयुष्य घालवतात. पण तो भोवरा ते व्हॉल्व्हच्या अगदी अलीकडे, इंजिनाच्या हेडमधल्या पोर्टच्या, म्हणजे हवेच्या शेवटच्या वाटेच्या, वळणात आणि चढात तयार करतात. ही रिंग बसते फिल्टरच्या डब्यानंतर लगेच. तिथून पुढे हवेला थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या, पत्र्याला आपटायचं असतं, मग मॅनिफोल्डच्या मोठ्या पोटात शिरायचं, मग चार नळ्यांत वाटून घ्यायचं, मग दोन-दोन व्हॉल्व्हच्या फटीतून आत जायचं. आमच्या गावाकडच्या भाषेत सांगतो. धरणाच्या वरच्या अंगाला नदीत काठीने भोवरा केला, तर तो धरणाच्या दारातून, कालव्यातून, पोटपाटातून तुमच्या उसाच्या सरीत गरगरत येईल का? पाणी येईल. भोवरा वरच राहील.

आता फिल्टरचं. ‘कंपनीचा कागदी फिल्टर हवा अडवतो, इंजिन गुदमरतं’ हे वाक्य दुकानात मी तीनदा ऐकलं. मला गुदमरणं मोजायचं होतं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी चार मीटर आणली. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीला ब्रीदरची बारकी नळी येते, तिथे टी जोडून एक टोक घेतलं, खिडकीच्या फटीतून आत आणलं, यू आकारात पट्टीवर बांधलं आणि त्यात कुंकवाचं पाणी भरलं. फिल्टर हवा जेवढी अडवेल, तेवढा यूच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत फरक दिसणार. मेहुण्याच्या मांडीवर ती पट्टी दिली. कराड ते पेठ नाका रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, तिथे पाचव्या गिअरमध्ये ऐंशीवर गाडी धरली. मेहुणा म्हणाला, “दाजी, हलतंय का नाही तेच कळंना.” दीड सेंटिमीटर. कंपनीचा कागदी फिल्टर, दहा हजार किलोमीटर वापरलेला, ऐंशीच्या वेगात हवेला दीड सेंटिमीटर पाण्याएवढं अडवत होता. चौथ्यात टाकून पाय पूर्ण दाबला, साडेचार हजार आरपीएमला चौदा सेंटिमीटर. मेहुण्याच्या पँटवर कुंकू सांडलं ते तेव्हाच.

त्याच वेळी ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावलेलं ब्लूटूथचं यंत्र मोबाईलवर मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडचा, हवेचा दाब दाखवत होतं. इंजिन बंद असताना आकडा ९५ किलोपास्कल, म्हणजे त्या उंचीवरची बाहेरची हवा. ऐंशीवर चालताना ५०. मधले ४५ किलोपास्कल गेले कुठे? थ्रॉटलवर. एक्सलरेटर थोडाच दाबलेला असतो तेव्हा तो पत्रा जवळजवळ मिटलेला असतो. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची म्हणजे हवा अडवायची, हीच पद्धत. ४५ किलोपास्कल पाण्याच्या भाषेत मोजले तर साडेचार मीटर होतात. एका मजल्याहून उंच.

म्हणजे इंजिन साडेचार मीटर पाण्याएवढा अडथळा ओढत होतं, आणि मी सहा हजार आठशे रुपये दिले दीड सेंटिमीटरमधला थोडा भाग कमी करायला. लाल फिल्टर आणि रिंग बसवून तीच मोजणी पुन्हा केली: ऐंशीवर दोन सेंटिमीटर, पूर्ण दाबल्यावर तेरा. फिल्टरने जे दिलं ते ऐंशीला रिंगने परत घेतलं. पूर्ण दाबल्यावर एका सेंटिमीटरचा फायदा, तोही मेहुण्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून.

आणि समजा अडथळा खरंच कमी झाला, तरी पेट्रोल वाचायचं कसं? एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत आलेल्या हवेचा अंदाज घेऊन त्या मापाचं पेट्रोल सोडतो आणि सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून खात्री करून घेतो. हवा सहज आली तर ऐंशीचा वेग धरायला पाय केसभर कमी दाबावा लागेल, थ्रॉटल केसभर मिटेल, आणि आत तेवढीच हवा जाईल. बिनसुईच्या सिरिंजचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या मागे ओढून बघा, हाताला जे कळतं ते इंजिन मिनिटाला हजारो वेळा करतं. तो अंगठा तसाच आहे, आपण त्याच्याही बाहेरची जाळी पुसतोय. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम चोंदलेले फिल्टर बसवून मोजलं होतं. पिकअप कमी झाला, मायलेजमध्ये फरक पडला नाही. कार्बोरेटरची गोष्ट वेगळी, तिथे फिल्टर चोंदला की मिश्रण दाट होतं. वडिलांच्या चेतकचा फिल्टर ते महिन्याला धुवायचे ते बरोबरच होतं. तेच शहाणपण आपण २०१८ च्या गाडीला लावतो, आणि किटवाले त्याच्यावर जगतात.

फेऱ्यांचे आकडे. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटऑफला बंद, एसी एकाच आकड्यावर, डिकीत तेवढंच वजन, रस्ता तोच, वेग नेहमीचा म्हणजे ९५ च्या आसपास. किटच्या आधीच्या चार फेऱ्या: १८.८, १९.४, १९.१, १८.६. किटसह चार: १९.२, १८.७, १९.०, १८.५. काढल्यानंतर तीन: १८.९, १९.३, १८.८. सरासरी काढायची तर काढा, १९.०, १८.९, १९.०. त्याच गाडीत, काहीही न बदलता, दोन फेऱ्यांत पाऊण किलोमीटरचा फरक पडतो. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामाने किती डायव्हर्जन लागले, खंबाटकीत ट्रक किती होते, एवढ्यावर. कुणी एका टाकीवरून ‘माझं दीड किलोमीटरने वाढलं’ म्हणत असेल तर त्याला आधीच्या दहा टाक्या विचारा.

पण एक फेरी वर लिहिलेली नाही. किट बसवल्याबरोबरची पहिली. तिचं अ‍ॅव्हरेज २०.७ आलं होतं. त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं होतं.

आता तो कागद. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय: ‘ईसीयूला नवीन हवेची सवय होण्यासाठी पहिले ५०० किलोमीटर ८० च्या वर नेऊ नये, जोरात एक्सलरेटर देऊ नये, अचानक ब्रेक मारू नये.’ मी शहाण्या मुलासारखं पाळलं. कोल्हापूरला जाताना पस्तीस मिनिटं जास्त लागली, येतानाही तेवढीच. आणि पेट्रोल वाचलं. किट काढल्यावर शेवटी मी एक फेरी मुद्दाम तशीच केली, जुना कागदी फिल्टर, जुना डबा, काटा ऐंशीवर. २०.९.

या कागदाला मी पाचपैकी पाच देतो.

फायदा काहीच नाही असंही म्हणणार नाही. आवाज आला. कंपनीच्या नळीला जो डबा असतो, ज्याला दुकानात ‘नुसता अडथळा’ म्हणतात, तो हवेच्या वाटेत नसतोच, बाजूला लटकलेला असतो. मडक्याच्या तोंडावर फुंकर मारली की घुमतं ना, त्याच तत्त्वाने तो इंजिनाचा एक ठराविक घुमणारा सूर खातो. तो काढला की तीन हजारच्या पुढे गाडी हुंकारते. खंबाटकी चढताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं की गाडीत जीव आलाय. शंभरावर पोचायला लागणारा वेळ मेहुण्याने मोबाईलवर मोजला, तसूभर फरक नाही.

‘कोल्ड एअर’ची गंमत वेगळीच. कंपनी हवा पुढच्या जाळीजवळून घेते आणि नळी प्लॅस्टिकची ठेवते. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप इंजिनाला चिकटून तापतो. कात्रजजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना आत जाणाऱ्या हवेचं तापमान जुन्या नळीने ४१ दाखवायचं, या पाइपने ५८. आता यातही एक मेख आहे. मायलेजसाठी गरम हवा वाईट नसते. गरम हवा विरळ, म्हणून तेवढीच ताकद काढायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, आणि वरचे ते साडेचार मीटर थोडे कमी होतात. थंड हवा ताकदीसाठी हवी. म्हणजे बॉक्सवर जे लिहिलंय ते झालं असतं तरी मायलेज वाढलं नसतं, आणि जे झालं ते बॉक्सच्या बरोबर उलट होतं.

आणि धूळ. हे मात्र मी गमतीने घेत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. कराडच्या पुढे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यातून उडणारं पाचट, संध्याकाळी फड पेटवलेले असले की काळी राख हवेत. कागदी फिल्टर दहा हजार किलोमीटरला काढतो तेव्हा बाहेरून काळाकुट्ट आणि मागची बाजू पांढरी असते. त्याचं काम तेच. लाल फिल्टर दोन हजार किलोमीटरनंतर काढला आणि त्याच्या मागच्या पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवला. रुमाल चहाच्या गाळणीसारखा निघाला, तपकिरी, बोटाला चरचरीत. थ्रॉटलच्या कडेला फिल्टरचं तेल आणि धूळ यांचा चिकट थर. साफ करायला सहाशे रुपये गेले. माझ्या धंद्यात ग्राइंडिंगची धूळ स्पिंडलमध्ये गेली तर काय होतं ते मला माहीत आहे. पिस्टनच्या रिंगांना वेगळा नियम नाही. हवा जास्त सोडणारी जाळी धूळही जास्त सोडणार, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

हवेच्या वाटेत काही करून मायलेज वाढतच नाही, असा अर्थ काढू नका. वाढतं, पण ते इंजिन बनवताना करावं लागतं, आणि सगळे जण त्या अंगठ्याच्याच मागे लागलेले असतात. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये थ्रॉटलचं काम व्हॉल्व्हलाच दिलं, इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा ते बदलून हवा मोजायची. टोयोटा हायब्रिडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवते, घेतलेली हवा थोडी परत जाऊ देते. टोयोटाचंच इंजिन असलेल्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडचा २७.९७ चा आकडा बॅटरीचा आहे तसाच त्या व्हॉल्व्हचाही. माझ्याच स्विफ्टचं बघा. २०१८ चा कंपनीचा आकडा २२, २०२१ च्या मॉडेलचा २३.२०. त्या ड्युअलजेट इंजिनात सिलिंडरमागे दोन इंजेक्टर, कॉम्प्रेशन जास्त आणि थंड करून परत आत घेतलेला सायलेन्सरचा धूर. धूर जागा भरतो, म्हणून थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. इंजिनिअरांच्या फौजेने तीन वर्षांत काढलं ते पाच-सहा टक्के. आणि नाना पेठेत पत्र्याची रिंग पंधरा देणार. आमच्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्यांचे हे आकडे रोलरवर चालवून तपासणारी संस्था. रिंग बनवणाऱ्याने तिथवर नुसती रिक्षा केली असती तरी चाललं असतं.

डिझेलवाल्यांनी हे सगळं स्वतःला लावू नये. तिथे ताकद कमी करायला हवा अडवत नाहीत, पेट्रोलसारखा हिशोब नाही. चुलतभावाच्या पिकअपचा फिल्टर चोंदला की धूर काळा होतो आणि डिझेलही जातं. त्याने तो वेळेवर बदलावा. बदलावा म्हणजे कंपनीचाच. माझ्या स्विफ्टचा कागदी फिल्टर अडीचशे-तीनशेत येतो, उसाच्या हंगामात मी तो थोडा लवकर बदलतो, बस.

किट परत द्यायला गेलो. वही नेली होती, वाचून दाखवली. मालकाने शांतपणे ऐकलं, चहा मागवला, म्हणाला, “साहेब, एवढं कोणी मोजत नाही. आवाज आला की लोक खूश असतात.” पैसे परत नाहीत, हे पावतीवर छापलेलंच आहे. लाल फिल्टर आणि पाइप त्याने ठेवून घेतले आणि बदल्यात रबराचे मॅट दिले, बावीसशेचे. रिंग घ्यायला तयार झाला नाही. म्हणाला, तुम्ही कानस मारलीत, आता ती नवी राहिली नाही.

काढताना जुन्या डब्याची एक क्लिप तुटली होती, ती चाळीस रुपयांची नवी घेतली, त्याचेही पैसे त्याने लावले. मी मॅट काखेत मारून पायरी उतरलो तेव्हा काउंटरवर एका अर्टिगावाल्यासमोर नवा बॉक्स उघडा होता आणि मालक तो कागद वाचून दाखवत होता, “आणि हे महत्त्वाचं, पहिले पाचशे किलोमीटर ऐंशीच्या वर न्यायची नाही.”